पक्का रंग, कच्ची शाई

जुन्या अमेरिकी क्विल्टमधला (क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची लांबची बहीण) फुलाफुलांचा एखादा तुकडा उजेडासमोर धरला, तर कधीकधी काठालगत भोकांची सरळ ओळ दिसते. घरच्या मशीनच्या सुईने पडतात त्याहून मोठी आणि जास्त अंतरावर असलेली ही भोकं. ते कापड दुकानातून वारावर आणलेलं नसून कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याचं असावं, याची ती खूण. नुसत्या नक्षीवरून हे कळत नाही, कारण पोत्यांवरच्या नक्षीचं कापड दुकानांतही मिळत असे.

भोकं पडली ती पोत्याच्या जाड दोऱ्याने घातलेल्या साखळी टाक्यामुळे. हा टाका आपणही तांदळाच्या पोत्यावर पाहिलेला आहे. बरोबर टोक हाती लागलं की एका ओढीत सर्रकन सगळी शिवण उसवते, चुकीचं टोक ओढलं तर काहीच सुटत नाही. कारण साधं आहे. साखळी टाक्यात दोऱ्याचा प्रत्येक फास पुढच्या फासाने अडकवलेला असतो. शेवटच्या फासाला मात्र पुढे कोणी नसतं. तो मोकळा केला की मागचा सुटतो, मग त्याच्या मागचा. घरच्या मशीनवर वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा प्रत्येक टाक्यात एकमेकांत अडकतात, म्हणून ती शिवण टाका टाका कापूनच उसवावी लागते. साखळी टाक्याचं पोतं उसवलं की अख्खं कापड सलग हाती येई, आणि दोराही न तुटता गुंडाळून ठेवता येई. त्या दोऱ्यावर बायका क्रोशाचं विणकामसुद्धा करत.

एलियस हाऊ यांना शिलाई मशीनचं पेटंट १८४६ साली मिळालं. त्यानंतर मजबूत शिवणीची कापडी पोती झपाट्याने तयार होऊ लागली आणि पूर्वी लाकडी पिंपांतून जाणारं पीठ, साखर, पशुखाद्य पोत्यांत भरलं जाऊ लागलं. १०० पौंडांचं, म्हणजे सुमारे ४५ किलोंचं पोतं उलगडलं तर वारभर रुंदीचं आणि वारापेक्षा थोडं जास्त लांबीचं कापड निघे. मोठ्या बाईच्या एका झग्याला अशी साधारण तीन पोती लागत, तीही एकाच नक्षीची. त्यामुळे खाद्य आणायला निघालेल्या नवऱ्याला कुठल्या नक्षीचं पोतं आणायचं हे बजावून सांगावं लागे.

सुरुवातीची पोती मांजरपाटासारख्या कोऱ्या कापडाची होती, आणि त्यावर कंपनीचं नाव ठसठशीत छापलेलं असे. ते घालवणं हे खरं कष्टाचं काम. बायका त्या छापावर डुकराची चरबी चोळून ठेवत किंवा पोतं रॉकेलमध्ये भिजवत, मग कास्टिक सोड्याच्या घरगुती साबणाने धूत आणि उकळत. हा उपाय रसायनशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरतो, म्हणून मला तो फार आवडतो. छपाईची शाई तेलकट. पाणी तिला भिजवू शकत नाही, पण चरबी किंवा रॉकेल तिच्यात मुरतं आणि तिला सैल करतं. मग साबणाचं काम सुरू होतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि चरबी सुटते ती शाईला सोबत घेऊनच. साबणात सोडा जास्त उरलेला असेल तर तो थोड्या चरबीचाही साबण करून टाकतो.

एवढा मारा कापड सोसतं ते सुती असल्यामुळे. कापसाचा धागा म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. आम्लाने ते कमजोर होतं, पण कास्टिक सोड्यासारख्या अल्कलीला सहजी दाद देत नाही. लोकर असती तर त्या कास्टिक सोड्यात विरघळूनच गेली असती. शिवाय सुती धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त मजबूत होतो, म्हणून आपटून, पिळूनही तो टिकतो.

पोती घरात कपड्यांसाठी वापरली जातात हे गिरण्यांच्या लक्षात आलं होतंच. १९२४ साली एसा बेल्स यांनी सेंट लुईसच्या एका पीठगिरणीसाठी अशा पोत्याचं पेटंट घेतलं, ज्याचं कापड माल संपल्यावर कपड्यांसाठी वापरता येईल. ‘गिंगहॅम गर्ल’ नावाचं पीठ चौकडीच्या कापडातून विकायला आलं. इथून प्रश्न उलटा झाला. आता एकाच कापडावर दोन रंग हवे होते: नक्षीचा पक्का, कितीही धुतला तरी न जाणारा, आणि कंपनीच्या नावाचा कच्चा, पहिल्याच धुण्यात जाणारा. पक्क्या रंगाची एक रीत निळीसारखी आहे. रंग आधी पाण्यात विरघळेल अशा रूपात आणायचा, धाग्याच्या आत जाऊ द्यायचा, आणि तिथे हवा लागली की तो पुन्हा न विरघळणारा होऊन अडकून बसतो. कंपनीच्या नावासाठी मात्र धुऊन जाणारी शाई आली, किंवा भिजवलं की सुटणारी कागदी पट्टी.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, तरी माल भरायला पोती लागतच होती. १९४२ साली ३० लाख अमेरिकी बायका-मुलं अशा पोत्यांचे कपडे वापरतात असा अंदाज होता.

पुढे कागदी पोती स्वस्त पडू लागली आणि कापडी मागे पडली. कापूस उत्पादकांची संघटना आणि पोती बनवणाऱ्यांची संघटना तरीही पोत्याच्या कापडातून शिवणकामाच्या स्पर्धा भरवत राहिल्या. कॅन्ससमधल्या कॉल्डवेल गावच्या एका बाईने १९५९ साली अशाच स्पर्धेसाठी शिवलेला झगा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.