हाड जुळलं, पण ब्रेक दाबला जाईल का?

कोल्हापुरात माणूस गाडीवाचून अडतो. त्यामुळे मनगटाचं प्लास्टर निघालं की पहिला प्रश्न येतो, ‘गाडी कधीपासून चालवू?’ एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, ‘हाड जुळलंय’. घरी त्याचा अर्थ निघतो, गाडी काढायला हरकत नाही. पण हाड जुळणं वेगळं आणि हात गाडीसाठी तयार होणं वेगळं.

हात टेकून पडलं की बहुतेक वेळा मोडतं ते अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं मनगटाजवळचं टोक. अब्राहम कॉलिस या आयरिश शल्यविशारदाने 1814 मध्ये या मोडीचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध 1895 चा, म्हणजे त्याने हे केवळ बघून आणि चाचपून ओळखलं होतं! ही मोड साधारण सहा आठवड्यांत सांधते. तेवढ्या काळात न वापरलेले स्नायू बारीक होतात, सांधे आखडतात. पकड पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात.

धडधाकट हाताने एक प्रयोग करून बघा. मनगट तळव्याच्या बाजूला पूर्ण दुमडा आणि मूठ घट्ट आवळा. जोर येतच नाही. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. मनगट दुमडलं की त्या सैल पडतात. मनगट थोडं मागे वाकलेलं असताना पकड सगळ्यात चांगली बसते, आणि प्लास्टरनंतर नेमकं हे मागे वाकणंच हळूहळू परत येतं.

आता हे गाडीवर आणा. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. तो उजव्या हातात, ॲक्सिलरेटरही त्याच हातात. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. गळिताच्या हंगामात समोर उसाची ट्रॉली अचानक वळली आणि ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर सात मीटर गेलेच. दुखऱ्या हाताला हा उशीर होतो, कारण वेदना जाणवली की मज्जासंस्था स्नायूंचा जोर आपोआप कमी करते. तिथे तालमीतली जिद्द कामाला येत नाही. शिवाय जोरात ब्रेक मारल्यावर अंगाचा भार हँडलवर, म्हणजे मनगटावर येतो. पडताना हाड मोडलं तेव्हाही तळहातावर असाच भार आला होता.

डावं मनगट मोडलं असेल तरी सूट नाही. मोटारसायकलचा क्लच डाव्या हातात, स्कूटरचा मागचा ब्रेकही डाव्याच. कारमध्ये डावा हात गिअरवर गेला की तेवढा वेळ स्टिअरिंग एकट्या उजव्या हातावर असतं.

प्लास्टर किंवा पट्टा असेपर्यंत केएमटीची बस, रिक्षा किंवा वडाप (शेअर जीप) बरी. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी झोप येते, तेव्हाही गाडी नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 186 सांगतं की आपल्या आजाराने किंवा अपंगत्वाने इतरांना धोका होईल हे माहीत असून गाडी चालवणं गुन्हा आहे.

गाडी काढण्याआधी ती मुख्य स्टँडवर, बंद ठेवून बसा. ब्रेक एकदम पूर्ण दाबा, सलग दहा-बारा वेळा. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. कुठेही कळ आली, बोटं लिव्हरपर्यंत पोचली नाहीत किंवा शेवटी जोर ओसरला, तर अजून व्यायाम हवा. तो कोणता, हे फिजिओथेरपिस्टला विचारा. लवकर मोकळं होईल म्हणून कुणाकडूनही मनगट जोरात चोळून घेऊ नका.

हे सगळं जमलं आणि डॉक्टरांनी होकार दिला, तरी सुरुवात सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, जवळच्या अंतराने करा. महाद्वार रोडची गर्दी नंतर. जोतिबा आणि पन्हाळ्याचा उतार सगळ्यात शेवटी ठेवा, कारण तिथे ब्रेक सतत धरून उतरावं लागतं आणि थकलेली पकड वळणावरच सुटते.