तोच ट्रॅक, उलटी दिशा: शर्यतीची बाजू कशी ठरली आणि कधी फिरली

संगणकाला स्टिअरिंग आणि पेडल जोडून रेसिंग खेळणारी मुलं आता सोलापुरात विजापूर रोडपासून जुळे सोलापूरपर्यंत कुठेही भेटतात. त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो. तोंडपाठ झालेला ट्रॅक उलट्या दिशेने चालवला, तर तो तोच ट्रॅक राहतो का? हा प्रश्न घराघरांत नेला तो १९९७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ या रेसिंगच्या व्हिडिओ गेमने. त्यात नेहमीच्या ट्रॅकच्या उलट्या आवृत्त्याही होत्या.

माझ्या मते तो ट्रॅक तोच राहत नाही. चढाचा उतार होतो, उताराचा चढ. ज्या संथ वळणातून बाहेर पडून गाडी सरळ पट्ट्यावर वेग घ्यायची, तेच वळण आता त्या पट्ट्याच्या टोकाला, पूर्ण वेगात असताना समोर येतं. ब्रेक कुठे दाबायचा याच्या ओळखीच्या खुणा पाठीमागे जातात. डांबर तेवढं तेच, बाकी सगळं नव्याने शिकावं लागतं.

मुळात दिशा ठरली कशी, याला एकच एक उत्तर नाही. युरोपातले बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे आपण सिद्धेश्वराच्या देवळात प्रदक्षिणा घालतो तसे, उजवा हात मध्याकडे ठेवून फिरतात. अमेरिकेतले ओव्हल, म्हणजे अंडाकृती ट्रॅक बरोबर उलटे, सतत डावीकडे वळणारे. धावण्याच्या शर्यतीतही हा गोंधळ होता. आज शाळेच्या मैदानावरची मुलंसुद्धा डावीकडे वळत धावतात, पण १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये धावपटू घड्याळाच्या दिशेने धावले होते. जिथे जी सवय पडली, तिथे तिचा पुढे नियम झाला.

सवय मोडून ट्रॅकच उलटा फिरवल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं ब्रँड्स हॅच. ही जागा म्हणजे मुळात एक खोलगट माळ. तिथे आधी गवतावर मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या, १९५० साली डांबर पडलं आणि छोट्या मोटारी आल्या. तोवर सगळं घड्याळाच्या उलट दिशेने चाले. १९५४ साली ट्रॅक टेकडीवर, ड्रुइड्सच्या वळणापर्यंत वाढवला आणि त्याच वेळी दिशाही बदलली. त्याचा परिणाम पॅडॉक हिल या वळणावर पाहावा. आधी गाड्या तिथे चढ चढून वर येत. दिशा बदलल्यावर तेच वळण सुरुवातीच्या सरळ पट्ट्यानंतरचं पहिलं वळण झालं. गाडी उजवीकडे वळता वळता पायाखालची जमीन खाली जाते आणि वळणाचा शेवट आधी दिसतच नाही. आज ब्रँड्स हॅचचं नाव निघालं की चालक याच वळणाबद्दल बोलतात. हे वळण घडवलं ते दिशेच्या निर्णयाने.

तीनच वर्षांनी इटलीत मोंझाला असाच प्रयोग झाला, पण पाहुण्यांच्या सोयीसाठी. तिथे १९५५ साली काँक्रीटचा ओव्हल उभा राहिला होता, वळणांवर बाहेरची कड उंच बांधून रस्ता आत कललेला. १९५७ च्या जूनमध्ये त्यावर अमेरिकी गाड्यांना युरोपीय गाड्यांविरुद्ध उतरवलं. अमेरिकी गाड्यांची सगळी जुळणी डाव्या वळणांसाठी असल्याने शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने घेतली. युरोपातल्या बहुतेक संघांनी पाठ फिरवली. इकुरी एकॉस या स्कॉटिश संघाच्या जॅग्वार मात्र धावल्या. जिंकला अमेरिकेचा जिमी ब्रायन, आणि पुढच्या वर्षी जिम रॅथमन, तोही अमेरिकीच. १९५८ नंतर ही शर्यत बंद पडली. दिशा हीसुद्धा यजमानाच्या हातातली मोठी सवलत असते, हे तिथे उघड दिसलं.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ट्रॅकची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. तिथला ओव्हल डावीकडे वळणारा. पण २००० साली फॉर्म्युला वन तिथे आलं ते घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे ओव्हलचं पहिलं, उंच कडेचं वळण या गाड्यांना फेरीच्या शेवटी, उलट बाजूने मिळालं. उजव्या वळणात भार डाव्या टायरवर येतो. २००५ साली त्याच वळणाच्या भाराने मिशेलिन या कंपनीचे डावे मागचे टायर निकामी होऊ लागले. मिशेलिन वापरणाऱ्या १४ गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या थांब्यात परतल्या आणि शर्यत फक्त सहा गाड्यांत झाली. त्या सहांत जॉर्डन संघाकडून आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला, आणि भारतीय चालकाचे फॉर्म्युला वनमधले पहिले गुण त्या दिवशी नोंदले गेले. गाड्या कमी होत्या म्हणून त्या गुणांना कुणी कमी लेखलं की मला मनापासून वाईट वाटतं. तो टिकून राहिला, म्हणून त्याला ते मिळाले. २००८ साली मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक मालिका तिथे आली तेव्हा मात्र दिशा पुन्हा घड्याळाच्या उलट ठेवली.

मग आज हे वरचेवर का होत नाही? कारण ट्रॅकची सुरक्षाच एक दिशा धरून उभी असते. वाळूचे खड्डे आणि टायरच्या भिंती गाडी जिकडे फेकली जाईल तिथे असतात. झेंडा दाखवणारा मार्शल येणाऱ्या गाड्या दिसतील असा उभा असतो. पिटचं तोंडही एकाच बाजूने सोयीचं असतं. आणि क्रॅश बॅरियर? तो तर हैदराबाद हायवेवर सोलापूरच्या बाहेर पडताच बघता येतो. पत्र्याचा एक तुकडा दुसऱ्यावर बोल्टने बसवलेला असतो, आणि नीट बसवला असेल तर त्याची मोकळी कड वाहनांच्या पुढच्या दिशेला असते. घासत जाणारी गाडी सरकून पुढे जाते. उलट बाजूने आलेल्याला तीच कड अडकते, पत्रा उघडून आत शिरू शकतो. राँग साइडने सुसाट येणाऱ्या आपल्या दुचाकीस्वारांनी हा सांधा एकदा थांबून बघावा.

म्हणूनच अलीकडचा यशस्वी प्रयोग तात्पुरत्या ट्रॅकवर झाला. बर्लिनच्या बंद झालेल्या टेम्पेलहोफ विमानतळावर ऑगस्ट २०२० मध्ये फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेने सहा शर्यती घेतल्या, आणि त्यातल्या पहिल्या दोन नेहमीच्या ट्रॅकवर उलट्या दिशेने. भिंती उचलून हव्या तशा मांडता येत असल्याने ते जमलं. दोन्ही अँटोनियो फेलिक्स डा कोस्टाने जिंकल्या, त्या मोसमाचं विजेतेपदही त्याचंच. महिंद्राचा संघही तिथे होता. हीच मालिका फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठी आली, सोलापूरहून जेमतेम एका दिवसाच्या प्रवासावर.

प्रत्यक्ष उलटी फेरी मारायची असेल, तर सर्वसामान्य माणसाला ती कार्टिंग ट्रॅकवरच मिळू शकते. वेग कमी, कडेला टायर, त्यामुळे अनेक ठिकाणी दिशा बदलून चालवतात. बदलताना सगळ्यांची दिशा एकाच वेळी, ट्रॅक रिकामा करूनच बदलायची. शर्यतीच्या कार्टचं इंजिन चालकाच्या उजव्या हाताला असतं आणि त्याचा तोल सांभाळायला सीट थोडी डावीकडे सरकवलेली असते. त्यामुळे डावं आणि उजवं वळण तंतोतंत सारखं लागत नाही. आधी सरळ दिशेच्या फेऱ्या मारून मग उलटं गेलं, की हा फरक हातांना लगेच कळतो.