प्रभात म्हणजे फक्त संतपट?

प्रभात फिल्म कंपनीबद्दल ‘प्रभात म्हणजे टाळ-मृदंग, संतपट’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच वाटू लागतं. पण प्रभातचे संतपट हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. ‘धर्मात्मा’, ‘संत तुकाराम’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ ही त्यातली ठळक नावं. गैरसमजाचं मूळ बहुधा १९३६ च्या ‘तुकाराम’च्या अफाट यशात आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटेंनी त्यात चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली आहे! १९३९ च्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्येची गोष्ट. ‘कशाला उद्याची बात’ हे गाणं तिच्याच तोंडी आहे. १९४१ च्या ‘शेजारी’त हिंदू आणि मुसलमान म्हातारे मित्र. हिंदी आवृत्तीत तर मुसलमानाची भूमिका गजानन जागीरदारांकडे आणि हिंदूची मझहर खानकडे.

पौराणिकपट होते, नाही कशाला म्हणा? १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या कंपनीचा पहिला मराठी बोलपटच ‘अयोध्येचा राजा’. पण ‘कुंकू’ची नीरा पाहा आणि मग सांगा, टाळ कुठे वाजतात ते.