गळाची मासेमारी, कोकण किनाऱ्यावरील : हंगाम व वेळा

कोकणच्या खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यात गळ आणि दोरी वापरून, मुख्यतः छंद वा क्रीडा म्हणून, केल्या जाणाऱ्या मासेमारीस अनुकूल असणारा काळ. सिंधुदुर्गात या क्रियेला ‘गरवणे’ असे क्रियापद रूढ असून गळाला ‘गरी’ म्हणतात. उत्तर कोकणात ‘गळ टाकणे’ हाच प्रयोग अधिक ऐकू येतो. पालघरपासून गोव्यातील काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यावर वर्षातून दोन चांगले हंगाम पडतात. पहिला पाऊस सरल्यावर, साधारणपणे सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत, आणि दुसरा मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत. ही चौकट ढोबळ आहे. पाणी केव्हा निवळते, त्याचा खारेपणा केव्हा परततो आणि भरती कोणत्या तिथीची आहे, या तीन गोष्टींना महिन्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

पोटासाठी नव्हे तर मनोविनोदासाठी मासे गळाला लावण्याची प्रथा भारतात केव्हापासून आहे, याबद्दल मतभेद आहेत. ती इंग्रजी अंमलात आली असे एक मत असून, त्याच्या पुष्ट्यर्थ हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याच्या ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३) या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. तथापि त्या ग्रंथाचा मुख्य भर नदीतील महसीर या माशावर आहे. दुसऱ्या मताचा आधार कल्याणीचा (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण होय. त्यात गळ, दोरी, काठी, माशांना घालावयाचे खाद्य आणि नद्या व समुद्र यांतील माशांचे प्रकार यांचे वर्णन राजाच्या एका करमणुकीच्या रूपाने आलेले आहे. ग्रंथाचा काळ सामान्यतः ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा धरतात. या प्रकरणाकडे मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने लक्ष वेधणाऱ्या सुंदरलाल होरा यांनी मात्र ११२७ हे वर्ष दिले आहे. ग्रंथातील माशांच्या नावांची आजच्या जातींशी घातलेली सांगड बऱ्याच अंशी अनुमानावर उभी आहे, आणि कल्याणी समुद्रापासून दूर असल्यामुळे सागरी माशांची माहिती राजाने स्वतः पाहून लिहिली की मांडलिकांच्या मुलखातून मिळवली, हे ठरवणे अवघड आहे. असे असले तरी गळाच्या खेळाची कल्पना इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हंगामाचे ज्ञान मात्र ना दरबाराचे ना साहेबाचे. ते सोनकोळी, मांगेला, गाबीत, खारवी, दालदी अशा दर्यावर्दी समाजांचे असून, आजचा हौशी गरवणारा जे पंचांग वापरतो ते त्यांच्याकडूनच आलेले आहे.

हंगामाचे मूळ कारण नैर्ऋत्य मोसमी वारे होत. जून ते सप्टेंबर या काळात कोकणातील नद्या गाळासह प्रचंड गोडे पाणी समुद्रात लोटतात. मांडवी, झुआरी, वाशिष्ठी, सावित्री यांच्या मुखांशी पृष्ठभागावरील पाण्याचा खारेपणा या दिवसांत फार उतरतो. किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि त्याच वेळी खोल समुद्रातील थंड, कमी प्राणवायूचे पाणी तळाच्या बाजूने किनाऱ्याकडे सरकते. ही क्रिया केरळसमोर सर्वांत प्रबळ असते आणि उत्तरेकडे क्षीण होत जाते. गोव्यासमोरील उथळ समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपुष्टात येतो, असे तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या निरीक्षणांतून आढळले आहे. वर गोडसर पाण्याचा पातळ थर आणि खाली गुदमरलेले पाणी अशी ही स्थिती असते. पाऊस थांबल्याबरोबर होडी काढून तळाशी आमिष सोडणाऱ्यास दक्षिण कोकणात आणि गोव्यात कधीकधी हात हलवत परतावे लागते, त्याचा याच्याशी संबंध असावा. त्याच आठवड्यात खाडीच्या मुखाशी आणि पाण्याच्या वरच्या थरात मासा लागत असतो. पुढे थंडीत प्रवाहाची दिशा उलटते, तो उत्तरेकडे वाहू लागतो आणि तळाचे पाणी पुन्हा सुधारते. पृष्ठभागाचे तापमान वर्षातून दोनदा चढते, मेमध्ये सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत आणि ऑक्टोबरमध्ये त्याहून थोडे कमी. जानेवारी-फेब्रुवारीत ते २६ ते २७ अंशांच्या आसपास उतरते, पालघरकडे आणखी खाली.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी समाज मासेमारीचा आरंभ करतो, परंतु गरवणाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशी पाणी अजून गढूळ असते. हस्त नक्षत्राचा पाऊस आटोपला की ते निवळू लागते. पाण्यात उभे राहून स्वतःच्या पायाची बोटे दिसू लागली की कृत्रिम आमिषाचे दिवस आले, हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो. या सुमारास तारली आणि बांगडा यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात आणि त्यांच्या मागावर सुरमई येते. ती चालत्या होडीमागे ओढलेल्या चमचमत्या आमिषावर झडप घालते. तिचे दात दोरी सहज कापत असल्याने गळाच्या वर हातभर तार लावावी लागते. रावस याच काळात वाळूच्या पुळणीलगत, लाट फुटते तेथे मिळतो. ट्रेवॅली आणि बाराकुडा विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले येथील खडकांभोवती आणि गोव्यातील ग्रँड बेटाजवळ लागतात. पापलेट, ज्याला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा दिला, तो गळाला क्वचितच येतो, कारण त्याचे खाणे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे, म्हणजे प्लवकांचे, आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत मासा मंदावतो. पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे समुद्र सपाट ठेवतात आणि मुडदुशीसारखे लहान मासे पुळणीवरून भरपूर मिळतात. मुलांना गळ शिकवायला याहून चांगला काळ नाही.

मार्चपासून खडकाळ भागातील मोठ्या माशांचे दिवस सुरू होतात. तांबोशी आणि गोबरा कातळाच्या कपारींत राहतात आणि उन्हाळ्यात संध्याकाळनंतर बाहेर पडतात. दुपारी खारा वारा जोर धरत असल्यामुळे होडीने जाणाऱ्याने पहाटे निघून अकराच्या आत परतावे, हा किनाऱ्यावरचा जुना परिपाठ आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या प्रवाळमंचाकडे जाणेही शांत समुद्राच्या दिवसांतच शक्य असते.

खाडीतील गरवणुकीचा राजा म्हणजे जिताडा, ज्याला मालवण-गोव्याकडे चोणक म्हणतात. त्याचा हंगाम त्याच्या जीवनक्रमातून समजतो. जिताडा खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालतो; पिल्ले भरतीबरोबर खाजणांत (भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल दलदलीत), खारभूमीच्या शेतांत आणि तळ्यांत शिरतात. रायगडातील खारेपाटात अशी पिल्ले तळ्यांत वाढवण्याची पद्धत आहे, आणि तेथील जिताडा पाहुण्याला भेट देण्याच्या मानाचा मानला जातो. हा मासा प्रथम नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी, वजन वाढल्यावर, मादी बनतो. म्हणजे गळाला लागलेला मोठा जिताडा बहुधा अंडी धरणारी मादी असतो, आणि एप्रिल-मेमध्ये खाडीच्या तोंडाशी मिळणारा तर ऐन प्रजननाच्या वाटेवर असतो. उन्हाळ्यातील जिताडा सर्वांत मोठा मिळतो म्हणून तो हंगाम उत्तम असे अनेक जण मानतात. प्रस्तुत लेखकाच्या मते याच कारणासाठी त्या दिवसांतील मोठा मासा पाण्यात परत सोडला पाहिजे, आणि खाण्यासाठी मासा हवा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा मध्यम आकाराचा घ्यावा. सोडताना त्याला कल्ल्यांत बोट घालून उचलू नये. गालफडाचा काठ धारदार असल्यामुळे त्यात माशाचीही हानी होते आणि हाताचीही. ओल्या हाताने पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारीपर्यंत धरावा.

जिताड्याला जिवंत कोळंबीइतके दुसरे आमिष नाही. गळ कोळंबीच्या डोक्यावरील काट्याखालून, आतील काळ्या ठिपक्याला धक्का न लावता, आडवा काढतात. ठिपका दुखावला की कोळंबी मरते. ओहोटी लागून खाजणातील पाणी ओहळांनी खाडीत उतरू लागले की कोळंबी आणि बोई माशाची पिल्ले त्याबरोबर बाहेर येतात, आणि जिताडा ओहळाच्या तोंडाशी, वाहत्या व संथ पाण्याच्या शिवेवर, दबा धरून असतो. हे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे.

भरतीची वेळ काढण्याची रीत कोकणात सर्वतोमुखी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसा आणि रात्रीही. ही रीत बरोबर किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. चंद्र सूर्याच्या मानाने पंधरा तिथींत बारा तास मागे पडतो, म्हणून भरती दर तिथीला ४८ मिनिटांनी उशिरा येते. पाऊणपटीने ४५ मिनिटेच धरली जातात. त्यामुळे पंधरवड्याच्या आरंभी चूक नगण्य असते, पण पौर्णिमेला किंवा अमावास्येला ती पाऊण तासाची होते आणि सव्वाअकराऐवजी बाराच्या सुमारास भरती येते. तिथीची चार पंचमांश पट केल्यास गणित अधिक जुळते, परंतु तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी, म्हणून तीच टिकली असावी. खाडीत जितके आत जावे तितका उशीर वाढतो, आणि तो प्रत्येक गावाने आपापला ठरवलेला असतो. छापील भरतीपत्रके व भ्रमणध्वनीवरील कोष्टके आता सहज मिळतात, तरी ती बहुधा बंदरासाठी असतात आणि खाडीच्या पोटातील जागेला थेट लागू पडत नाहीत.

उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) चांगले की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी), यावर उत्तर आणि दक्षिण कोकणातील गरवणारे एकमत नाहीत, आणि दोघांचेही आपापल्या जागी खरे आहे. मुंबई-रायगडाकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर ५ मीटरच्या आसपास जाते. त्या वेगाने खाडीचा चिखल ढवळून पाणी गढूळ होते आणि कृत्रिम आमिष माशाला दिसत नाही. तेथे सप्तमी ते दशमीचे, म्हणजे भांगाचे, दिवस पसंत केले जातात. गोव्याकडे हेच अंतर सुमारे २ मीटर असते. तेथे भांगाला पाणी फारसे हलतच नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम ठरतात.

जून-जुलैमध्ये या पाण्यात गळ टाकू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी प्रामुख्याने यांत्रिक नौकांना लागू असते. तिची अंमलबजावणी महाराष्ट्रात १९८१ च्या आणि गोव्यात १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली होते. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला ती अडवत नसली तरी लाट अडवते. कातळावर दहा मिनिटे कोरडी राहिलेली जागा एका मोठ्या लाटेने धुऊन निघते, आणि शेवाळावर पाय ठरत नाही. चांगल्या हंगामाच्या कडांनाही चक्रीवादळांचा धोका आहे: ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी, ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी कोकणावर आले आणि ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगत सरकत गेले. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून लाटांचा अंदाज दररोज प्रसिद्ध होतो. निघण्यापूर्वी तो पाहावा.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडीचे किमान आकारमान ठरवून दिले आहे. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा त्याचा गाभा गरवण्यासाठी कोणत्याही हंगामात वर्ज्य समजावा.