मोकळेपणा आणि ऐकणारा: एका सल्ल्याची पार्श्वभूमी

जवळच्या नात्यात आपली भीती, लाज, गरज बोलून दाखवावी, हा सल्ला आज इतका रुळला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. मानसशास्त्रात मात्र तो बराच उशिरा आला. व्हिएन्नातील डॉक्टर ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये उन्मादावरील (हिस्टेरियावरील) आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मनात दडपलेले बोलून टाकणे हा उपचार ठरला खरा. पण ते बोलणे डॉक्टरांच्या खोलीतले होते, जोडीदारासमोरचे नव्हे. घरासाठीचा उपदेश तर नेमका उलटा होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये पालकांना बजावले की मुलांना कवटाळू नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, सकाळी हस्तांदोलन करावे.

या कोरडेपणाला खरा धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईपासून तुटलेल्या मुलांच्या मानसिक हानीकडे लक्ष वेधले. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या प्रयोगात माकडांची पिल्ले दूध देणाऱ्या, तारेपासून बनवलेल्या कृत्रिम ‘आई’पेक्षा मऊ कापडाच्या ‘आई’लाच बिलगून राहताना दिसली. (ते प्रयोग आज निर्दय वाटतात, आणि ते होतेच.) दुसऱ्यावर विसंबणे ही दुर्बलता नसून स्वाभाविक गरज आहे, ही मांडणी यातून उभी राहिली; मानसशास्त्रज्ञ सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये ती प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली.

दुसरा प्रवाह स्वतःविषयी बोलण्याच्या अभ्यासाचा. मानसशास्त्रज्ञ सिडनी जुरार्ड यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस कोण कोणाला काय सांगतो हे प्रश्नावलीने मोजायला सुरुवात केली. ऑल्टमन आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडले की जवळीक वरवरच्या गोष्टींपासून आतल्या गोष्टींकडे टप्प्याटप्प्याने आणि दोन्ही बाजूंनी वाढते. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा, पण सर्वांत कमी सांगितला जाणारा टप्पा १९८८ चा आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरी रीस आणि शेव्हर यांच्या प्रतिरूपानुसार (मॉडेलनुसार) केवळ उघड बोलण्याने जवळीक होत नाही. समोरच्याने आपल्याला समजून घेतले, आपली कदर केली, असे बोलणाऱ्याला जाणवले तरच ती होते. त्याच दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी विकसित केलेल्या जोडप्यांच्या उपचारपद्धतीतही, एकाने भीती बोलून दाखवली की दुसऱ्याला तिला प्रतिसाद देण्यास मदत करणे हे समुपदेशकाचे काम असते.

अमेरिकी संशोधक ब्रेने ब्राउन यांच्या २०१० मधील गाजलेल्या टेडएक्स भाषणानंतर हा विषय अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर पडला आणि मोकळेपणा हे बोलणाऱ्याचे धाडस म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्यांनी ऐकण्याचा अधिकार कमावला आहे त्यांनाच सांगावे, अशी अट खुद्द ब्राउन यांनी घातली होती. सल्ला पसरला, अट मागे पडली.