ऑटोकम्प्लीट रकान्यातील बदलाची हाताळणी

टाइप करता करता खाली सूचनांची यादी उघडणाऱ्या मजकूर-रकान्याला ऑटोकम्प्लीट म्हणतात. गावाचे किंवा रेल्वे स्थानकाचे नाव भरून घेताना तो सर्रास वापरला जातो. जावास्क्रिप्टमध्ये त्यातला बदल टिपणे साध्या रकान्यापेक्षा अवघड असते, कारण इथे मजकूर कधी वापरकर्ता बदलतो, तर कधी स्क्रिप्ट, म्हणजे पानातला कोड.

रकान्यात काही घडले की ब्राउझर कोडला जो इशारा देतो, त्याला इव्हेंट म्हणतात. 'इनपुट' हा इव्हेंट प्रत्येक फेरफाराला उठतो. माउसने केलेले पेस्टही त्यात येते, जे 'कीअप'वर (कळ सोडल्यावर उठणाऱ्या इव्हेंटवर) विसंबल्यास निसटते. 'चेंज' मात्र फोकस (टाइप केलेले जिथे उमटते ती जागा) दुसरीकडे हलल्यावर किंवा एंटर दाबल्यावर, बदल पक्का झाला की उठतो. स्क्रिप्टने 'व्हॅल्यू' (रकान्यातला मजकूर) बदलली तर दोन्ही गप्प राहतात. यादीतला पर्याय निवडूनही पुढचा कोड चालत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. जेक्वेरी यूआय या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) १.८ आवृत्तीत (२०१०) आलेल्या ऑटोकम्प्लीटला म्हणूनच 'सिलेक्ट' आणि 'चेंज' हे स्वतःचे इव्हेंट आहेत. त्यातला 'चेंज' रकाना सोडताना उठतो आणि सोबतचा 'आयटम' रिकामा असेल, तर मजकूर यादीतून निवडलेला नाही असे समजते. रिअ‍ॅक्ट या दुसऱ्या लायब्ररीतला 'ऑनचेंज' नावाने चेंज असला तरी इनपुटसारखा प्रत्येक फेरफाराला चालतो. या नावाने अनेक नवशिके गोंधळतात.

खरी जोखीम मजकूर आणि ओळखक्रमांक यांच्या जोडीत आहे. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. त्यातले एक निवडले की त्याचा क्रमांक लपलेल्या रकान्यात साठवला जातो. नंतर वापरकर्त्याने नाव खोडून दुसरे लिहिले आणि यादीतून काहीच निवडले नाही, तर जुना क्रमांक तसाच राहतो आणि अर्ज भलत्याच गावाच्या नावावर जातो. म्हणून प्रत्येक 'इनपुट'ला तो क्रमांक पुसावा आणि निवड झाल्यावरच पुन्हा भरावा. हा नियम कोणत्याही लायब्ररीत पाळण्याजोगा आहे.

यादीवर क्लिक करताना आधी रकान्याचा 'ब्लर' (फोकस गेल्याचा इव्हेंट) उठतो. त्या वेळी यादी बंद केली तर क्लिक वाया जाते. 'माउसडाउन'ची (माउसचे बटण दाबल्याच्या इव्हेंटची) मूळ कृती रोखली की फोकस रकान्यातच राहतो. सर्व्हरकडे विचारणा करण्यापूर्वी थोडे थांबणे रूढ आहे (जेक्वेरी यूआयमध्ये मूळ थांबा ३०० मिलिसेकंदांचा), आणि उत्तराला उशीर होत असलेली जुनी विचारणा ब्राउझरच्या 'अबॉर्टकंट्रोलर' या सोयीने रद्द करता येते.

देवनागरीसाठी वेगळी काळजी लागते. जावास्क्रिप्टच्या मोजणीत 'कि'ची लांबी २ आणि 'क्षि'ची ४ भरते, त्यामुळे 'किमान दोन अक्षरे' ही अट एकाच अक्षरावर पुरी होते. फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करण्याचा) कळफलक वापरताना शब्द अर्धवट असतानाही 'इनपुट' उठू शकतो; अशा वेळी शब्द जुळवणे चालू आहे का हे सांगणारा 'इझकंपोझिंग' तपासून, ते संपल्यावर उठणाऱ्या 'कंपोझिशनएंड'पर्यंत थांबावे. 'दुसऱ्या'मधला 'ऱ' एका संकेतांकाने किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) मिळून लिहिता येतो. दिसायला सारखे असले तरी तुलनेत हे दोन्ही वेगळे ठरतात, म्हणून शोधापूर्वी दोन्ही बाजूंच्या मजकुरावर तो एकाच रूपात आणणारे 'नॉर्मलाइज' चालवावे लागते.