जाहीर झालेली मदत पोचत का नाही? युद्धातल्या मित्रदेशाचा अर्ज, पात्रता आणि अडणारे कागद

पुलगावच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले एक काकाजी रोज सकाळी माझ्या सेवा केंद्रावर पेपर वाचायला येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी बातमीवर बोट ठेवून विचारलं, "बाबू, अमेरिकेनं युक्रेनले एकसष्ट अब्ज डॉलर देल्ले म्हणते, मंग थे लोक गोळे मोजून-मोजून काहून फोडून राह्यले?" तेव्हा समोरच्या बाकावर चार कास्तकार बसले होते. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत चौघांचीही नावं होती आणि खात्यात एक रुपया नव्हता.

काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाकावरच होतं. यादीत नाव लागणं आणि हातात पडणं यांच्यामध्ये कागद असतात. आमच्या अभ्यासिकेतली मुलं स्पर्धा परीक्षेत "अमेरिकेने मदत दिली" असं एका ओळीत लिहितात आणि गुण घालवतात, म्हणून ही प्रक्रिया सविस्तर लिहितो. उदाहरण युक्रेनचं घेतो, कारण त्याचे कागद बरेचसे उघड झाले आहेत.

पात्रता आणि अर्ज

अमेरिकेची लष्करी मदत मुख्यतः दोन कायद्यांवर चालते: १९६१ चा परकीय साहाय्य कायदा आणि १९७६ चा शस्त्र निर्यात नियंत्रण कायदा. शस्त्रं स्वसंरक्षणासारख्या मान्य कारणासाठीच वापरायची, नीट सांभाळायची, आणि विचारल्याशिवाय तिसऱ्याला द्यायची नाहीत. मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती ज्या तुकडीबद्दल आहे, ती तुकडी अपात्र. विकत घ्यायचं असेल तर देश मागणीपत्र देतो, अमेरिका प्रस्तावपत्र पाठवते, त्यावर सही होते. हा भाग सरळ आहे.

घोळ पुढे आहे. मदत दोन दारांतून येते. पहिलं दार म्हणजे अमेरिकी सैन्याच्या स्वतःच्या गोदामातला माल. राष्ट्राध्यक्ष आदेश काढतात आणि माल काही दिवसांत किंवा आठवड्यांत निघतो. दुसऱ्या दारात कारखान्याला ऑर्डर जाते, त्या मालाला महिने लागतात, कधी वर्षं. कृषी केंद्रात थप्पी लागलेली सोयाबीनच्या बियाण्याची बॅग आणि बीजोत्पादकाच्या वावरात अजून उभं असलेलं बियाणं, एवढा फरक. बातमीत मात्र दोन्हींना "मदत जाहीर" एवढंच म्हणतात. कृपा करून आधी दार कोणतं ते पाहा.

मुदत, आणि परवानगी असून पैसा नसणं

गोदामातून माल काढायला वर्षाची मर्यादा असते. कायद्यात ती १० कोटी डॉलर होती. संसदेने २०२२ च्या आर्थिक वर्षासाठी ती ११ अब्ज केली. पण काढलेल्या मालाच्या जागी नवा भरायला वेगळा पैसा लागतो आणि तोही संसदच देते. २०२३ च्या अखेरीस तो संपला. माल काढायची परवानगी चार अब्ज डॉलरांहून जास्त शिल्लक होती, पण स्वतःचं गोदाम रिकामं पडेल म्हणून पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, हात आखडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेल्या निधीवर २४ एप्रिल २०२४ ला सही झाली. मधल्या काळात, १७ फेब्रुवारीला, युक्रेनने आघाडीवरचं अवदीव्का शहर सोडलं. तोफखान्याजवळ गोळे कमी होते. सहा महिन्यांचा हा उशीर आठवला की आजही चीड येते, कारण आमच्याकडेही पेरणीचा पैसा पेरणी होऊन गेल्यावर येतो.

आणखी एक चूक मुलं दरवर्षी करतात. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला नाही, ३० सप्टेंबरला संपतं, आणि अशा बऱ्याच परवानग्या त्या दिवशी मरतात. २०२४ साली सुमारे साडेपाच अब्ज डॉलरांची परवानगी तशीच चालली होती, ती शेवटच्या आठवड्यात वाटपात टाकून वाचवली.

हिशेबाची चूकही समजून घ्या. जून २०२३ मध्ये पेंटागॉनने सांगितलं की दिलेल्या मालाची किंमत ६.२ अब्ज डॉलर जास्त लावली गेली. जुन्या मालाला नव्या मालाचा भाव लावला होता. वीस वर्षं वापरलेला ट्रॅक्टर भावाला दिला आणि वहीत शोरूमचा दर लिहिला, असा तो प्रकार. वहीत मर्यादा संपत आली होती, खरं तर तेवढी जागा शिल्लक होती.

ज्या कागदावर सगळे अडतात

गेल्या वर्षी एक काकू प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन चार वेळा आल्या. वावर सामाईक, तीन नावं. एका दिराने संमतीपत्रावर सही केली, दुसरा पुण्याला, तो फोन उचलत नाही. धुऱ्यापर्यंत पाणी साचलं होतं, पंचनाम्यात पऱ्हाटीचं पूर्ण नुकसान लिहिलं होतं, तरी अनुदान थांबलं. नुकसान खरं, नाव खरं, पण तिसरी सही नाही.

देशांचंही हेच होतं. शस्त्र ज्याने बनवलं त्याची ना-हरकत घेतल्याशिवाय विकत घेणारा ते पुढे देऊ शकत नाही. पोलंडकडे जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे होते आणि ते युक्रेनला द्यायचे होते. पोलंडने जानेवारी २०२३ मध्ये जर्मनीकडे रीतसर अर्ज केला, आणि २५ जानेवारीला जर्मनीने होकार कळवला. तो अर्ज सुटला. स्वित्झर्लंडकडे केलेला नाही सुटला. जर्मनीने युक्रेनला गेपार्ड ही विमानविरोधी तोफगाडी दिली. तिचे ३५ मिलिमीटरचे गोळे स्वित्झर्लंडमध्ये बनलेले, अनेक वर्षांपूर्वी विकत घेतलेले. सुमारे १२,४०० गोळे जर्मनीच्याच गोदामात पडून होते. जर्मनीने विचारलं, स्वित्झर्लंडने तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. शेवटी जर्मनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये राइनमेटाल कंपनीला तीन लाख गोळे नव्याने बनवायची ऑर्डर दिली. तोफ पोचली होती, गोळा एका सहीपायी अडला होता.

म्हणून "अमुक देश तमुक रणगाडे देणार" असं वाचलं की ते बनवले कोणी हे आधी शोधा. आणि तुमचं वावर सामाईक असेल तर पाऊस पडायच्या आधी संमतीपत्र करून ठेवा. नुकसान झाल्यावर भाऊ सापडत नाही.

माल मिळाल्यावरची मोजणी

काकाजींना हा भाग लगेच कळला. डेपोत पेटीवरचा लॉट नंबर आणि रजिस्टरमधला लॉट नंबर जुळला नाही तर पेटी हलत नसे. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी अशा वस्तूंची अमेरिका एकेक क्रमांक पाहून मोजणी मागते, पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत. आघाडीवर गेलेली वस्तू मोजायला कोण जाणार? यासाठी युक्रेनला बारकोड वाचणारी यंत्रं दिली, मोजणीचे नियमही युद्धासाठी बदलले. तरी जानेवारी २०२४ च्या तपासणी अहवालात सुमारे १.७ अब्ज डॉलरांच्या अशा वस्तूंपैकी एक अब्जाहून जास्त किमतीच्या वस्तूंची मोजणी वेळेत झालेली नव्हती. अनेकांनी याचा अर्थ "शस्त्रं चोरीला गेली" असा लावला. अहवालात तसं कुठेही नाही. फोटो अपलोड झाला नाही म्हणून घरकुल बांधलंच नाही, असं कोणी म्हटलं तर आपल्याला राग येतो ना, तसंच हे.

आर्थिक मदत

शिक्षकांचे पगार, म्हाताऱ्यांची पेन्शन, दवाखाने, हे युद्धातही चालवावं लागतं. जागतिक बँकेच्या २०२२ पासूनच्या पीस प्रकल्पात युक्रेन सरकार आधी पगार वाटतं, वाटल्याचा पुरावा तपासला जातो, मग पैसे परत मिळतात. युरोपीय संघाचा २०२४ ते २०२७ साठीचा ५० अब्ज युरोंचा निधी हप्त्यांनी येतो. ठरलेल्या सुधारणा पूर्ण झाल्या की हप्ता, काही राहिल्या की हप्ता कमी. जोत्याचा फोटो नाही तर घरकुलाचा दुसरा हप्ता नाही, तोच नियम.

भारतानेही ही रांग पाहिली आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन अमेरिकी गहू थोडा-थोडा, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. शेती धोरण बदलावं हा त्यामागचा दबाव होता, आणि व्हिएतनामवरची भारताची टीकाही त्यांना खटकत होती.

शेवटचा रकाना पाहायचा राहू नये: अनुदान की कर्ज. एप्रिल २०२४ च्या कायद्यात युक्रेनला दिलेली आर्थिक मदत कर्ज म्हणून लिहिली होती, माफ करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना ठेवून. त्यातलं ४.६५ अब्ज डॉलरांचं कर्ज माफ करत असल्याचं नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेला कळवलं गेलं. ब्रिटनला अशी सूट मिळाली नाही. ११ मार्च १९४१ च्या लेंड-लीज, म्हणजे मित्रदेशांना उसना माल द्यायच्या, अमेरिकी कायद्याने त्याला युद्धभर माल मिळाला, पण जपानने शरणागती पत्करताच १९४५ मध्ये पुरवठा एकदम तोडला. मग ब्रिटनने अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलरांचं कर्ज काढलं, दोन टक्के व्याजाने, पन्नास वार्षिक हप्त्यांत फेडायचं. काही वर्षं हप्ते पुढे ढकलले गेले. शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फेडला.